राज्य वाढलं, पण रयतेला विचारलं का?

तंजावूरच्या राजवाड्यात गेलात, तर सरस्वती महाल ग्रंथालय पाहून लगेच परतू नका. अंगणात दोन मिनिटं थांबा आणि १७९९ साल आठवा.

त्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणचा पाडाव झाला, टिपू सुलतान मारला गेला. लढाईनंतर कंपनीचा जोर वाढला होता. ऑक्टोबरात सरफोजीराजे दुसरे यांनी तह करून राज्याचा कारभार कंपनीच्या हाती दिला. राजांकडे किल्ला, राजवाडा, वार्षिक नेमणूक आणि महसुलातला वाटा राहिला. कावेरीकाठी भात पिकवणाऱ्या रयतेचा धनी बदलला, पण तिला कुणी विचारलं नाही. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने उरलंसुरलंही खालसा केलं.

कंपनीचं राज्य आणि आजचा युरोपीय संघ यांत मोठा फरक आहे. तिथे देश स्वतःहून अर्ज करतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला केला आणि जूनमध्ये संघाने युक्रेन व मोल्दोवाला उमेदवार देशाचा दर्जा दिला. पण नवा सभासद घ्यायला सर्व २७ देशांची संमती लागते. म्हणून तिथे लोकमताला वजन आहे.

हे लोकमत सरळ रेषेत चालत नाही. पोलंडने लाखो युक्रेनी निर्वासितांना आसरा दिला. त्याच पोलंडच्या शेतकऱ्यांनी स्वस्त युक्रेनी धान्यामुळे आपले भाव पडतात म्हणून सीमेवर रस्ते अडवले. याला ढोंग म्हणू नका. संकटातल्या शेजाऱ्याला ओसरी देणं वेगळं आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव चढवणं वेगळं.

मोल्दोवात ऑक्टोबर २०२४ मध्ये सार्वमत झालं. संघात जाण्याचं ध्येय राज्यघटनेत लिहायचं का, हा प्रश्न होता. 'हो' म्हणणारे जिंकले, पण फरक सुमारे साडेदहा हजार मतांचा. म्हणजे जवळजवळ निम्मे मतदार 'नाही' म्हणाले. उद्या त्यांनाही सोबत घेऊनच चालावं लागेल.

तेव्हा मोबाइलवर 'इतके टक्के लोक विस्ताराच्या बाजूने' अशी बातमी आली, की आधी तीन गोष्टी बघा: विचारलं कुणाला, नेमका प्रश्न काय होता, आणि खर्च व अटी सांगितल्या होत्या का? घरात मुलांनाही हे बघायला शिकवा. तंजावूरच्या रयतेला असं मत देण्याची संधीच मिळाली नाही. आपल्याला मिळते, तर ती नीट वापरूया.