सही आयुक्तांची, जाब महापौरांना

नवी मुंबईतल्या बेलपाड्यात आज मेट्रोचं स्थानक आहे, पण 2016पर्यंत तिथला कारभार खारघर ग्रामपंचायतीकडे होता. त्या वर्षी 1 ऑक्टोबरला 1852ची जुनी पनवेल नगरपालिका आणि खारघरसह आसपासची 29 गावं मिळून पनवेल महानगरपालिका झाली. 2017च्या पहिल्या निवडणुकीत 78 नगरसेवक आले आणि पहिल्या महापौर झाल्या डॉ. कविता चौतमोल. पेशानं डॉक्टर. अडीच वर्षांनी त्याच पुन्हा निवडून आल्या. महापौरांची कारकीर्द म्हटलं की आपल्याला फिती आणि कोनशिला आठवतात. बिचाऱ्या महापौरांच्या हाती कायद्यानं तेवढंच उरतं, असंही कुणी म्हणेल. महापौर सभा चालवतात. अंमलबजावणीचे अधिकार मात्र सरकारनं नेमलेल्या आयुक्तांकडे. मतदारही महापौर थेट निवडत नाहीत, ते काम नगरसेवकांचं. आणि पद कोणत्या प्रवर्गाला, हे सोडतीची चिठ्ठी ठरवते. तरी नळाला पाणी आलं नाही की लोक महापौरांनाच धरतात. पनवेलमध्ये तर निम्मा राग नवी मुंबई वसवणाऱ्या आणि तिथल्या वसाहतींना पाणी पुरवणाऱ्या सरकारी सिडकोच्या वाट्याचा असायचा. जुलै 2022मध्ये मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले; सभागृहाची जागाही त्यांच्याकडेच गेली. मग तेव्हा गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडे?