गेलेल्या राज्याची हळहळ

एखादा गृहस्थ हातच्या गेलेल्या इनामाची सनद पेटींतून वरचेवर काढून वाचीत बसतो. त्यांत कोणाचें नुकसान नाहीं. पण तीच सनद हातीं धरून तो शेजाऱ्याच्या शेतांत नांगर घालूं लागला, तर त्यास काय म्हणावें? रशियाचें वर्तन पाहतां हा प्रश्न आमच्या मनांत येतो.

सोव्हिएट राज्याच्या विघटनास अध्यक्ष पुतीन यांनीं २००५ सालींच शतकांतील मोठी राजकीय आपत्ति म्हटलें होतें. जुलै २०२१ मध्यें त्यांनीं रशियन व युक्रेनी हे एकच लोक होत, असा दीर्घ निबंध लिहिला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं सैन्य युक्रेनमध्यें शिरलें. आणि त्याच वर्षीं जूनमध्यें पीटर बादशहाचा दाखला देऊन, त्यानें दुसऱ्याचें कांहीं घेतलें नाहीं, आपलेंच परत मिळविलें, असें ते सांगून गेले. स्वीडनशीं एकवीस वर्षें चाललेल्या युद्धाचें हें वर्णन! इकडे १९९१ सालीं युक्रेनमध्यें मत देणारांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिकांनीं स्वातंत्र्यास कौल दिला होता, व १९९४ सालीं बुडापेस्ट येथें रशियानें त्या देशाच्या सीमा मानण्याचें लेखी वचन दिलें होतें. ह्या ताज्या कागदांपेक्षां तीनशें वर्षांपूर्वींची बखर अधिक प्रमाण मानावी, हा न्याय आम्हांस तरी उमगत नाहीं.

स्वारीच्या तीन दिवस आधीं सुरक्षा समितींत केनियाचे प्रतिनिधि मार्टिन किमानी यांचें भाषण झालें. आफ्रिकेच्या सीमा लंडन, पॅरिस, लिस्बन येथें आंखल्या गेल्या व सगेसोयरे निरनिराळ्या देशांत वांटले गेले. तरीहि स्वतंत्र झाल्यावर आफ्रिकेनें त्याच सीमा पत्करल्या, कारण एका रक्ताचीं राष्ट्रें जुळवूं गेल्यास इतक्या वर्षांनींहि युद्धें थांबलीं नसतीं, असा त्यांचा आशय होता. साम्राज्य ज्यांनीं भोगलें नाहीं, सोसलें, त्यांच्या तोंडीं हें शहाणपण यावें, ह्याचें आम्हांस नवल वाटलें नाहीं.

आमचें घर तरी ह्या हळहळीपासून मोकळें कोठें आहे? १७५८ सालीं मराठे अटकेपर्यंत पोंचले, हें सांगतांना आमचाहि आवाज चढतो. परवां पानावर बसल्या बसल्या धाकट्या नातवानें विचारलें, "आजोबा, तिथल्या लोकांनीं आपल्याला बोलावलें होतें का?" अदीना बेगानें बोलावलें होतें, असें आम्हीं सांगितलें. लोकांचें काय, तें आम्हांस सांगतां येईना.