पावसाआधी डोंगर पाहून घेऊ
कोयना खोऱ्यातील ग्रामस्थांना आणि कॉलेजच्या मुलामुलींना जाहीर आवाहन

कोयनानगर, हेळवाक, नवजा, हुंबरळी, मिरगाव, ढोकावळे, मोरगिरी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील सर्व ग्रामस्थ, माता-भगिनी, कामासाठी मुंबई-पुण्याला असलेली आपली माणसे आणि पाटण-कराडच्या कॉलेजांत शिकणारी आपली मुलेमुली, सर्वांसाठी हे आवाहन आहे.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत मिरगाव, ढोकावळे आणि आंबेघर येथे डोंगर घरांवर आला. माणसे, जनावरे, लावणी झालेली भातखाचरे, सारे चिखलाखाली गेले. त्याच पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटरची नोंद झाली. दिवसाला २०४ मिलिमीटरच्या वरचा पाऊस हवामान खाते सर्वांत तीव्र वर्गात धरते. हा त्याच्या जवळजवळ तिप्पट होता.

आपल्याला पावसाचे भय कोणी घालायला नको. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस अंगावर घेत आपल्या पिढ्या जगल्या. बदलली आहे ती पडण्याची रीत. चार महिन्यांत झिरपायचे त्यातले बरेचसे पाणी दोन-तीन दिवसांत कोसळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की मध्य भारताच्या विस्तीर्ण पट्ट्यात, आणि त्यात महाराष्ट्रही आला, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० पासून तिपटीने वाढले. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारी बाष्पाची लाट हे त्याचे मुख्य कारण. त्या लाटेपुढे पहिली भिंत म्हणून सह्याद्री उभा आहे आणि त्याच्या कुशीत आपली घरे आहेत.

याच खोऱ्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. कोयना धरण भरू लागल्यावर धक्के जाणवू लागले होते, म्हणून त्याआधीच इथे भूकंपमापक बसले होते. पुढे शास्त्रज्ञांनी ही जागा कधी सोडली नाही. गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले, कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. तीन किलोमीटर खालच्या खडकाची नोंद आपल्या खोऱ्यात होते, आणि घरामागच्या उतारावर गेल्या पावसात पडलेल्या भेगेची नोंद गावातल्या एकाही वहीत सापडत नाही. ही नोंद ठेवायला मोठे यंत्र लागत नाही. माणसे लागतात, आणि ती आपल्या घरातच आहेत.

पदवीच्या वर्गात पर्यावरणशास्त्र हा विषय सक्तीचा आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशातून तो आला. त्यात प्रत्यक्ष पाहणीचा प्रकल्प असतो. हा प्रकल्प बहुतेक मुले झेरॉक्सच्या दुकानातून तयार आणतात किंवा मागच्या वर्षीची वही उतरवतात, हे आपण सगळे जाणतो. दुसरीकडे राष्ट्रीय सेवा योजनेत प्रत्येक स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. शंभर स्वयंसेवकांचे एक युनिट धरले तर वर्षाला बारा हजार तास झाले. एवढे तरुण हात आणि एवढा वेळ एका लहानशा कॉलेजकडे असतो. तो केवळ स्वच्छता फेरीत आणि फलक लावण्यात जाऊ नये, एवढीच आमची कळकळ आहे.

फलक आणि घोषणांना आम्ही कमी लेखत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे जंगलातली झाडे तोडली जात असताना कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोवर दोन हजारांवर झाडे पडली होती हे खरे, पण मुलांचे पत्र न्यायालयाने वाचले हेही खरे. अमेरिकेत मेन राज्यातल्या युनिटी कॉलेज या छोट्या कॉलेजने २०१२ साली कोळसा आणि तेल कंपन्यांतली आपली गुंतवणूक काढून घ्यायचे ठरवले आणि मोठमोठ्या विद्यापीठांना त्याची दखल घ्यावी लागली. जिथे जे हाती होते ते तिथल्या लोकांनी धरले.

आपल्या हाती काय आहे? या खोऱ्याला वीज वाचवण्याचे धडे बाहेरच्या कोणी देऊ नयेत. धरणासाठी इथल्या माणसांनी गावे, शेते, देवळे पाण्याखाली जाऊ दिली. कोळशाचा एक खडा न जाळता १,९६० मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प त्यावर उभा आहे आणि धरणग्रस्तांना आपल्या हक्कासाठी आजही आंदोलन करावे लागते. हवा तापवण्यात ज्यांचा वाटा सर्वांत कमी, त्यांच्याच घरांवर दरडी येतात. म्हणून आपल्या मुलांची हवामान चळवळ आपली माणसे वाचवण्यापासून सुरू व्हावी असे आम्हाला वाटते.

काम साधे आहे. हिवाळी शिबिरात विद्यार्थ्यांनी एकेका वाडीत राहावे आणि जाणत्या माणसांना सोबत घेऊन वरचा उतार पायी फिरावा. भेगा कुठे आहेत, त्या किती रुंद आहेत, कोणता झरा आटला, कोणत्या ओढ्याची वाट बदलली, जेसीबीने डोंगराचा पायथा कुठे तासला, वरच्या सड्यावर पाणी कुठे तुंबते, हे सारे गावाच्या नकाशावर मांडावे. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांतले अंतर दर महिन्याला मोजावे. गुराख्यांना आणि गवत-लाकडासाठी रानात जाणाऱ्या बायकांना जे ठाऊक असते ते कोणत्याही पुस्तकात नाही. मुलींनी या बायकांशी बोलायलाच हवे. पाहणीच्या वेळी पुरुषमंडळी पुढे येऊन बोलतात आणि खरी माहिती चुलीपाशी राहून जाते.

१ जूनपासून प्रत्येक वाडीत पर्जन्यमापक असावा. सरळ बाजूंचे भांडे आणि मोजपट्टी एवढ्यावरही काम चालते. रोज सकाळी साडेआठला मोजून आकडा वहीत लिहायचा. रात्री पाऊस चढला की मध्येही मोजायचे. नवजाचा आकडा बातम्यांत ऐकून आपल्या उताराचा अंदाज करू नये, कारण एका डोंगराआड पाऊस निराळा असतो. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, वाहता ओढा थांबला, झाडे किंवा विजेचे खांब कलले, दारे चौकटीत अडकू लागली, जमिनीतून घरघर ऐकू आली, तर उजाडायची वाट पाहू नये. बाहेर पडावे आणि १०७७ या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर कळवावे. रेंज जाते, म्हणून कोणी कोणाच्या दाराशी जायचे हे आधीच ठरलेले असावे.

सांगलीकडच्या कॉलेजांनीही यात यावे. इथे पडलेले पाणी कराडच्या प्रीतिसंगमावरून त्यांच्या दारी जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली, ते दुःख आपल्या दुःखाहून वेगळे नाही.

प्राचार्य आणि प्राध्यापकांना विनंती की या पाहणीला प्रकल्पाचे पूर्ण गुण द्यावेत आणि भूगोल विभागाने नकाशांची जबाबदारी घ्यावी. मुसळधार पावसाच्या दिवसांत कोणत्याही विद्यार्थ्याला उतारावर पाठवू नये. फिरती पावसाआधीच उरकावी, पावसात फक्त घराजवळचे मोजमाप व्हावे. एसटी बंद पडल्याने ज्यांची हजेरी बुडते त्यांना सांभाळून घ्यावे. आईवडिलांनी मुलींना शिबिराला पाठवावे. मुंबईकर मंडळांनी गणपतीच्या वर्गणीतून आपल्या वाडीच्या पर्जन्यमापकाचा आणि बॅटरीच्या भोंग्याचा खर्च उचलावा.

आणि ग्रामस्थहो, मुले दारात आली तर त्यांना बसवून घ्या, रात्रीचे जेवण द्या, तुमचा डोंगर त्यांना दाखवा. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. पाऊस कोण मोजणार, वही कोणाकडे राहणार आणि रात्री निघायची वेळ आली तर कोणत्या जागी जमायचे, या तीन गोष्टींचा ठराव लिहून त्यावर सह्या करा आणि त्याची प्रत तहसील कार्यालयात द्या.

आपले,
कोयना खोऱ्यातील काही शिक्षक, आजी-माजी विद्यार्थी आणि ग्रामस्थ