आमचा हंस कोणता?

गावच्या तळ्याचे सुशोभीकरण करावयाचे ठरले, की आपल्या सुशिक्षित मंडळींच्या मनात एक ठरीव चित्र उभे राहते. चोहोकडून बांधीव भिंत, मध्ये कारंजे, आणि पाण्यावर मान वाकवून तरंगणारे शुभ्र हंसांचे जोडपे! तळ्यांचा जिल्हा म्हणून ज्याची ख्याती, त्या भंडारा जिल्ह्यातही ही हौस अधूनमधून कानी येते. तिच्या समर्थनार्थ दोन मुद्दे पुढे केले जातात : हंस हा आपल्या संस्कृतीतला पक्षी आहे, आणि त्याच्यामुळे तळ्यास शोभा येते. आमच्या मते यांपैकी पहिला मुद्दा अज्ञानमूलक आहे व दुसरा घातक आहे.

चित्रातला हा लांब मानेचा पक्षी म्हणजे इंग्रजांचा ‘स्वान’. त्याचे घर यूरोप व मध्य आशिया. हिंदुस्थानच्या वायव्येस तो एखाद्या कडक हिवाळ्यात चुकून उतरतो. विदर्भाच्या तळ्यांशी त्याचा काडीचा संबंध नाही. परंतु इंग्रजी शाळांतून ‘हंस म्हणजे स्वान’ हे समीकरण आम्ही घोकले. राजा रविवर्म्याने १८९९ साली दमयंतीसमोर जो हंस उभा केला, तोही याच रूपाचा. आणि तेच रूप आमच्या डोळ्यांत बसले. प्राचीन शिल्पांतील हंस पाहावा : मान बेताची, अंग भरदार, चाल जमिनीवरच्या पक्ष्याची. फोगेल या डच पंडिताच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने हा हंस ‘गूज’ कुळातला असल्याचे सविस्तर दाखविले आहे. संस्कृतात हंस हे नाव अनेक पाणपक्ष्यांस दिले जाई, त्यांत क्वचित स्वानही असेल, हे आम्ही नाकारीत नाही. पण कालिदासाने ‘मेघदूता’त मानसाकडे निघालेले जे हंस वर्णिले, त्यांच्याशी जुळणारा पक्षी आजही आमच्या दाराशी येतो. तो म्हणजे पट्टकादंब.

पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, अंग राखी, पाय नारिंगी. तिबेट, लडाख, मंगोलिया येथील सरोवरांकाठी तो वीण घालतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून खाली येतो. शास्त्रज्ञांनी यंत्रे बांधून केलेल्या निरीक्षणांत त्याचे उड्डाण ७,००० मीटरांहून अधिक उंचीवर नोंदले गेले आहे. असा पाहुणा आपण होऊन येत असता त्याची ओळखही ठेवू नये, आणि दुकानातून विकत आणलेल्या पांढऱ्या पाळीव पक्ष्यास राजहंस म्हणावे, यास रसिकता कोण म्हणेल?

आता शोभेचा मुद्दा. मूक स्वान हा दहा-बारा किलो वजनाचा, विणीच्या काळात इतर पाणपक्ष्यांस हुसकावून लावणारा पक्षी आहे. पाण्याखालच्या वनस्पती तो मुळासकट ओरबाडतो. अमेरिकेत मेरीलँड प्रांती १९६२ साली असे पाच शोभेचे पक्षी मोकळे सुटले. १९९९ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ४,००० झाली, आणि पाणगवताच्या रक्षणासाठी सरकारला त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडावी लागली. आमच्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात त्यांची इतकी वाढ होणार नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे, येथे ते बिचारे पंख छाटलेल्या अवस्थेत धापा टाकीत राहतील. ही कोणती शोभा?

पण अधिक मोठे नुकसान हंसाने नव्हे, तर त्याच्याबरोबर येणाऱ्या भिंतीने होते. भंडाऱ्याची तळी कोहळी समाजाच्या कौशल्याची निर्मिती आहेत. एका बाजूस मातीची पाळ आणि दुसरीकडे हळूहळू चढत जाणारा उथळ काठ, अशी त्यांची रचना. हिवाळ्यात पाणी ओसरते तसा हा काठ उघडा पडतो, त्यावर कोवळे गवत उगवते, आणि पट्टकादंब तेथे चरतात. कारण हंस हा तरंगण्यापेक्षा चरणारा पक्षी आहे. काठाला उभी भिंत घातली, की त्याचे ताटच हिरावले जाते. धानाच्या बांध्यांस पाणी व ढिवरांस मासळी देणारे तळेही तेथेच संपते.

१९५१ साली मालगुजारी गेली, तळी सरकारकडे आली, आणि अनेक तळी गाळाने व बेशरमाच्या झुडपांनी भरली. भंडारा-गोंदियाकडील काही गावांत ढिवर समाजातील स्त्रियांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कारंज्यांची स्वप्ने पाहणाऱ्या आम्हा पदवीधरांपेक्षा या स्त्रियांस हंसाची गरज अधिक कळली, असे म्हणणे भाग आहे.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच : तळ्यासाठी पैसा असेल तर तो गाळ काढण्यास व पाळ दुरुस्त करण्यास लावावा, काठ उघडा ठेवावा, आणि हिवाळ्यात मुलांस पहाटे तेथे घेऊन जावे. हंसाला नीरक्षीरविवेक असतो, असा कविसंकेत आहे. त्या विवेकाची खरी आवश्यकता आज हंसास नसून आम्हास आहे.