सशाचा गुडघा आणि आजींचा जिना

डोंबिवली स्थानकाचा पूल चढताना कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवीत जाणारी ज्येष्ठ मंडळी रोज दिसतात. ठाणे-कल्याण पट्ट्यातील लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत तर कित्येक आजींचे जग तिसऱ्या मजल्यावरील गॅलरीपुरते उरले आहे. जेलच्या इंजेक्शनाने प्राण्यांच्या सांध्यांची झीज भरून निघाली, अशी बातमी या घरांत पोहोचली की आशेला पालवी फुटते. ही आशा कितपत खरी?

संशोधन खोटे नाही. भरपूर पाणी धरून ठेवणारे हे जेल सुईवाटे सांध्यात सोडतात. काही प्रकार शरीराच्या उष्णतेने घट्ट होतात आणि औषध हळूहळू पुरवीत राहतात. उंदीर-सशांमध्ये त्याचे परिणाम उत्साहवर्धक आढळले आहेत. मात्र प्रयोगातील सशाची व्याधी बहुधा घडवलेली असते. धडधाकट सशाच्या गुडघ्यातील अस्थिबंध कापून काही आठवड्यांत झीज निर्माण करतात. आजींचा गुडघा झिजण्यात वय, वजन आणि कष्टांची अनेक दशके गेलेली असतात. शिवाय माणसाची कूर्चा उंदराच्या कूर्चेहून कैकपट जाड असते आणि किती दुखते, हे ससा सांगू शकत नाही.

पूर्वानुभवही सावध करणारा आहे. घोड्यांच्या सांध्यांत वापरून पुढे माणसाकडे आलेले हायलुरोनिक आम्लाचे इंजेक्शन अमेरिकेत १९९७ साली मान्य झाले, आपल्याकडेही रुळले. २०२२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात मात्र औषधविरहित इंजेक्शनाच्या तुलनेत त्याचा लाभ रुग्णाला जाणवण्याइतकाही नसल्याचे दिसले.

पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात २००० आणि २००१ साली शस्त्रक्रिया झाल्या. कृत्रिम सांध्याचा उपाय तेव्हा घरोघरी परिचित झाला. त्याच्या किमतीला केंद्र सरकारने २०१७ साली मर्यादा घातली. म्हणजे उपाय सिद्ध झाला, तर शासन तो सामान्यांच्या जवळ आणू शकते. आधी तो सिद्ध मात्र व्हावा लागतो.

म्हणून अशा प्रयोगांना नाके मुरडू नयेत. पण प्रयोगशाळेतील आशेचा बाजारही मांडू देऊ नये. हे किती माणसांवर, किती काळ तपासले आहे, असे कुटुंबाने डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. तोवर वजनावर ताबा, मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम आणि इमारतीत लिफ्टसाठी सोसायटीचा एक ठराव, हे आपल्या हातचे आहे. मुक्या प्राण्यांनी सोसलेल्या वेदनेचे ऋण फेडायचे, तर त्यातून हाती आलेले सत्य तेवढेच सांगितले पाहिजे. तसूभरही अधिक नव्हे.