घरच्या सर्व्हरची पळवाट

हिंजवडी असो, खराडी असो की ऐरोली, ऑफिसच्या लॅपटॉपवर एखादी साइट उघडायला जावे आणि ती ब्लॉक असल्याची पाटी समोर यावी, हा आयटीतल्या नोकरदारांचा नेहमीचा अनुभव. बहुतेक जण वैतागून खिशातला फोन काढतात. काही हट्टी आणि हुशार मंडळी मात्र घरी जाऊन कामाला लागतात. राउटरशेजारी रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक बसवायचा, त्यावर प्रॉक्सी सर्व्हर चालू करायचा, राउटरचे एक पोर्ट बाहेरच्या जगाला खुले करायचे आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून त्या घरच्या सर्व्हरमार्फत हवी ती साइट पाहायची. पोर्टही बहुधा ४४३ क्रमांकाचे निवडले जाते, कारण बँकांपासून सरकारी पोर्टलपर्यंतच्या सुरक्षित साइट त्यावरच चालतात आणि ते बंद ठेवणे कुठल्याच कंपनीला परवडत नाही. मग साध्या फायरवॉलला एवढेच दिसते, की हा लॅपटॉप कुठल्याशा एका पत्त्याशी कूटबद्ध संवाद करतो आहे. त्या पत्त्याच्या पलीकडचे काही कळत नाही.

यातले तंत्रज्ञान उत्तम आहे आणि ते शिकण्यासारखेही आहे. अशा जोडणीसाठी सर्रास वापरले जाणारे एसएसएच टाटू यलोनेन यांनी १९९५ मध्ये लिहिले, ते हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डची चोरी झाल्यानंतर. विमानतळावरच्या किंवा कॅफेतल्या फुकट वायफायवर बसून घरच्या सर्व्हरमार्फत आपला व्यवहार सुरक्षित ठेवणे, हा त्याचा आजही चोख उपयोग आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने असा सर्व्हर घरी जरूर उभारावा. नेटवर्क कसे चालते, हे चार पुस्तके वाचून जेवढे कळत नाही तेवढे त्यातून कळते.

ऑफिसचा लॅपटॉप त्याला जोडणे मात्र चूक आहे. कारण तिथे धोका पत्करणारा एक असतो आणि किंमत मोजणारे भलतेच.

लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीचे २०२२ मधले प्रकरण यासाठी नीट पाहावे. ग्राहकांच्या साठ्याच्या किल्ल्या कंपनीतल्या केवळ चार अभियंत्यांच्या हाती होत्या. हल्लेखोरांनी त्यांच्यापैकी एकाचा घरचा संगणक गाठला. त्यावर प्लेक्स हे चित्रपट-गाणी साठवून पाहण्याचे सर्व्हर सॉफ्टवेअर होते. त्यातल्या दोषावरची दुरुस्ती मे २०२० मध्येच आली होती, पण या संगणकावर ती बसवलेलीच नव्हती. त्या फटीतून कीलॉगर, म्हणजे दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्राम, शिरला, अभियंत्याचा मुख्य पासवर्ड टिपला गेला आणि पुढे ग्राहकांच्या पासवर्ड-तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. तिथे प्रॉक्सीचा संबंध नव्हता आणि अभियंत्याचा हेतूही वाईट नव्हता. अपडेट न केलेले एक घरगुती सर्व्हर सॉफ्टवेअर एवढा अनर्थ घडवायला पुरे झाले.

घरचा प्रॉक्सी हाही एक सर्व्हरच, आणि तोही मुद्दाम इंटरनेटवर उघडा ठेवलेला. इंटरनेटवर खुली पोर्टे शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. पासवर्ड कच्चा असेल तर त्या प्रॉक्सीतून परकी माणसे आपला कारभार सुरू करतात आणि गुन्ह्याचा माग त्या घरच्या पत्त्यापर्यंत येतो. ब्रॉडबँडची जोडणी तर अनेक घरांत वडिलांच्या नावावर असते. चौकशीला उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर येते. व्हीपीएन वापरून लॅपटॉप थेट घरच्या नेटवर्कचा भाग केला, तर त्याच नेटवर्कवरचा जुना कॅमेरा किंवा मुलांचा गेमिंग संगणकही त्याचा शेजारी होतो. अशाच घरगुती कॅमेऱ्यांना २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने लाखोंच्या संख्येने वेठीला धरले होते.

कंपन्यांवर कायद्याचेही ओझे आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. प्रॉक्सीमागे नेमके काय घडले, हे त्या नोंदींत सापडत नाही. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीपणासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पुण्याला तर हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्याच कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला करून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळवले. अशा घटनांनंतर सुरक्षा विभाग धास्तावलेले राहिले, तर त्यांना नावे ठेवता येत नाहीत.

म्हणून कंपन्यांचे सगळेच बरोबर, असे मुळीच नाही. अनेक ठिकाणी ब्लॉक यादी म्हणजे फिल्टर विकणाऱ्याने दिलेली, कोणी न तपासलेली यादी असते. प्रोग्रामरला लागणारी माहितीची साइट, सॉफ्टवेअर टेस्टरला लागणारा यूट्यूबवरचा प्रशिक्षणाचा व्हिडिओ, सगळे एकाच झाडूने साफ होते. परवानगीसाठी तिकीट टाकले, तर आठवडा उलटतो. शिवाय ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीचे स्वतःचे प्रमाणपत्र बसवलेले असले, तर फायरवॉल सुरक्षित साइटवरचा मजकूरही उलगडून पाहू शकते, हे किती कर्मचाऱ्यांना सांगितलेले असते? युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने बार्बुलेस्कू विरुद्ध रोमानिया खटल्यात सप्टेंबर २०१७ मध्ये कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. पाळत आहे आणि ती कितपत आहे, याची पूर्वकल्पना कर्मचाऱ्याला होती का, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. त्याच्या काही दिवस आधी आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. लोकांना विश्वासात न घेता लादलेली बंदीच पळवाटांना खतपाणी घालते.

उपाय अवघड नाहीत. ब्लॉकच्या पाटीवर कारण आणि परवानगी मागण्याची लिंक असावी. कामासाठी मागितलेल्या परवानगीचा निकाल एका दिवसात लागावा. खासगी वापरासाठी अंतर्गत नेटवर्कपासून पूर्ण वेगळे असे पाहुण्यांचे वायफाय असावे. काय पाहिले जाते आणि काय नाही, हे रुजू होण्याच्या दिवशीच साध्या मराठीत किंवा इंग्रजीत लिहून द्यावे.

कर्मचाऱ्यांनीही घरचा प्रयोग घरच्या संगणकापुरता ठेवावा आणि खासगी काम आपल्या फोनवर, आपल्या डेटावर करावे. कामाची साइट अडली असेल तर तिकीट टाकावे, तेही अडले तर वरिष्ठांकडे न्यावे, आणि दहा जणांची अडचण एकच असेल तर दहा जणांनी मिळून ती मांडावी. एकट्याने काढलेल्या पळवाटेने साइट त्याच्यापुरती उघडते. शेजारच्या टेबलावर ती ब्लॉकच राहते.