राक्षसपार्टी

गेल्या महिन्यात सांगलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. एरवी तिचा फोन म्हणजे 'येताना कंदी पेढे आण' एवढाच. या खेपेला आवाज घाबरा होता.

"दादा, तू ताबडतोब ये. तुझ्या भाच्याला पुण्याहून नोकरीचं पत्र आलंय, आणि हा म्हणतो, जात नाही! बँड सोडून जाणार नाही म्हणतो!"

'बँड' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे लाल डगले, पितळी कर्णे आणि वरातीपुढे नाचणारी मंडळी उभी राहिली. इंजिनिअर झालेला मुलगा वरातीत क्लॅरिओनेट वाजवणार, या कल्पनेने मीही दचकलो. पण बहिणीने खुलासा केला की हा बँड तसला नव्हे. याला 'हेवी मेटल' म्हणतात. "म्हणजे काय ते मला विचारू नकोस. तो गाणं म्हणतो त्याला. शेजारचे आजोबा परवा येऊन विचारून गेले, घरात कुणाला बरं नाही का म्हणून!"

भाच्याला चार शब्द ऐकवण्याचा अधिकार मामाचा, हे आपल्याकडे ठरलेलेच आहे. पण ज्या गोष्टीबद्दल बोलायचे ती ठाऊक असल्याशिवाय बोलू नये, ही माझी जुनी खोड. तेव्हा साताऱ्यातच चार दिवस बसून मी हे संगीत ऐकले आणि त्याची कुळकथाही वाचून काढली. शत्रूचा गोट आधी पाहून ठेवावा, म्हणतात ना!

या संगीताचे माहेर इंग्लंडातले बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे गाव. तिथे टोनी आयोमी नावाचा एक पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, कामाच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. दुसरा कुणी असता तर गिटार माळ्यावर टाकून मोकळा झाला असता. याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर कातडे चिकटवले, वाद्याला बारीक तारा चढवल्या आणि पुढेपुढे त्या उतरवून सैल केल्या. सैल तारेचा आवाज खाली जातो, जड होतो. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या मंडळीची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली आणि त्या जड आवाजातून एक नवे घराणेच सुरू झाले.

त्या मुद्रिकेतले पहिलेच गाणे मोजक्या सुरांवर उभे आहे: षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. युरोपातले जुने संगीतपंडित षड्ज-तीव्र मध्यमाच्या या जोडीला सैतानी मानत. आणि आपण? आपण त्याच तीव्र मध्यमाने यमन सजवतो आणि संध्याकाळी देवापुढे बसून गातो! एकाचा सैतान तो दुसऱ्याचा सांजदिवा, हे वाचून माझी भीती निम्मी उतरली.

राहिलेली निम्मी मुंबईने उतरवली. भाच्याच्या खोलीत ज्यांचे चित्र लावलेले आहे ती मंडळी मुंबईची. नाव 'डीमॉनिक रेझरेक्शन', म्हणजे राक्षसांचे पुनरुत्थान. साहिल माखीजा या तरुणाने ती २००० साली काढली. गिटारही त्याची आणि गळाही त्याचाच. पहिली ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी निघाली. दुसरीला पाच वर्षे लागली. तिसरी २०१० साली, चौथी २०१४ साली आणि पाचवी २०१७ साली. सतरा वर्षांत पाच! दरम्यान वादक किती आले आणि किती गेले. २०१० साली नॉर्वेतल्या 'इन्फर्नो' महोत्सवात त्यांना बोलावणे आले आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या 'मेटल हॅमर' मासिकाने त्यांना पारितोषिक दिले. २०१४ साली ते जर्मनीतल्या वाकेनला वाजवून आले. वाकेन म्हणजे या संप्रदायाचे पंढरपूरच समजा. एका खेड्यात दरसाल हजारोंची जत्रा भरते.

एवढे होऊनही या संगीतावर संसार चालतो काय? आपल्या देशात तरी नाही. माखीजाने मुद्रिका काढण्याची स्वतःची कंपनी चालवली, आणि कॅमेऱ्यापुढे उभा राहून स्वयंपाकाचे धडेही दिले. त्याच्या त्या पाककृतींना जगभर प्रेक्षक मिळाले. राक्षसांचे गाणे गाणारा माणूस सकाळी ओट्यापाशी आमटी ढवळतो आहे, हे चित्र मला फार आवडले. बहिणीला सांगायला एक मुद्दा मिळाला, हे वेगळेच.

पण खरी गंमत पाचव्या मुद्रिकेत होती. सुरुवातीच्या मुद्रिकांची नावे पाहिली तर सगळीकडे अंधार. पाचवीचे नाव मात्र 'दशावतार'! मत्स्यापासून कल्कीपर्यंत अवतारांच्या कथा. भाच्याने मला ती खास ऐकायला पाठवली होती. शब्द इंग्रजी, तेही निम्मे कळत नाहीत. पण नरसिंहाचे प्रकरण आले तेव्हा खांब फुटला, हे काही मला कुणी सांगावे लागले नाही.

एवढी शिदोरी घेऊन मी सांगलीची एस.टी. पकडली.

घरात वातावरण तंग होते. दाजी बँकेतून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. ते वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. एवढेच म्हणाले, "हरिपूरच्या हळदीच्या पेवात उतरून वाजवा म्हणावं. वर झाकण घालू." बहिणीने भडंगाची बशी पुढे ठेवली आणि डोळ्यांनीच खूण केली, सुरू कर.

पण भाचा घरी होता कुठे? तो तालमीला गेला होता. तेव्हा मीही तिकडे निघालो.

वखारभागात हळदीची एक रिकामी वखार त्यांनी भाड्याने घेतली होती. चार मुले, प्रत्येकाचा भाड्यातला वाटा ठरलेला. हळद जाऊन किती दिवस झाले कोण जाणे, पण भिंतींना पिवळी झाक आणि हवेत तो वास अजून होता. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या. मला पाहून मुले ओशाळली. "वाजवा, वाजवा," मी म्हटले आणि एका पोत्यावर बसलो.

पहिल्या दणक्याला छातीत धडधडले, हे कबूल करतो. दोन्ही पायांनी दोन पट्ट्या दाबत तो ड्रमवाला मुलगा असा काही वाजवत होता की हलगीची घाई आठवावी. पाचेक मिनिटांनी कान सरावले आणि मग त्या गदारोळात काहीतरी ओळखीचे ऐकू येऊ लागले. मी थांबवून विचारले, "ही गिटार आत्ता काय वाजवते आहे रे?"

"मामा, यात फक्त सा आणि प असतात. वर पुन्हा सा. एकदम छेडायचे. गांधार घातला तर या आवाजात खरखर होते."

सा, प, आणि वरचा सा! अरे, हा तर तंबोरा! सांगलीला खेटून मिरज. तिथे पिढ्यान्पिढ्या जे तंबोरे घडतात, ज्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांच्या तारा याच तर सुरांवर लावतात. फरक इतकाच की तंबोरा कानाशी बोलतो आणि हा अंगावर धावून येतो. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो हसला. म्हणाला, "म्हणून तर मिरजेच्या मुलाला यात घेतलाय!"

मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली. ती सांगलीचीच आहे, पण सांगलीच्या या चौघांना धड ठाऊक नव्हती.

१८४२ च्या सुमारास कर्नाटकातून खेळ करणारी एक मंडळी सांगलीला आली. राजेसाहेब चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी तो खेळ पाहिला आणि पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितले, असे काही मराठीत करून दाखव. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता-स्वयंवर' झाले. तो दिवस आपण आज मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो. सांगलीला भाव्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे आणि त्यांच्या नावाचे गौरवपदक नटाला मिळाले की वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. पण ते खेळ होते कसे? लिहिलेले संवाद नाहीत. सूत्रधार पदे गाणार, मागे मृदंग आणि टाळ, पात्रे ऐनवेळी सुचेल ते बोलणार. आणि मधेच राक्षसपार्टी घुसायची! तोंडे रंगवलेली, हातांत तलवारी, आणि 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकून थयथयाट. पुढच्या सुशिक्षितांनी या खेळांना नावच ठेवले, 'अलल-डुर्र नाटके'. नाक मुरडण्याची रीत तेव्हाही हीच होती.

"मग पुढे काय झालं?" ड्रमवाल्याने विचारले.

पुढे १८५१ साली चिंतामणराव गेले. राजाश्रय संपला. आता मंडळी मोडायची, की गावोगाव फिरून पोट भरायचे? विष्णुदासांनी बिऱ्हाड पाठीवर घेतले. १८५३ साली ते मुंबईला ग्रँट रोडच्या नाट्यगृहात गेले आणि तिकीट लावून खेळ केले. त्यांचे पाहून इचलकरंजीकर, आळतेकर अशा कितीतरी मंडळ्या निघाल्या. १८६२ च्या सुमारास विष्णुदास स्वतः बाजूला झाले. म्हणजे त्यांची कारकीर्द उणीपुरी वीस वर्षांची. आरोळी विरून गेली. पण तिने जो प्रेक्षक जमवला, त्याच्यापुढे १८८० साली किर्लोस्करांचे 'शाकुंतल' उभे राहिले आणि पुढे या हरिपूरचे देवल, या सांगलीचे खाडिलकर त्याच प्रेक्षकाला मिळाले.

माझे बोलणे असे रंगात आले होते. आता मूळ विषयाकडे, म्हणजे पुण्याच्या नोकरीकडे वळावे, असे मनाशी ठरवीत होतो. तेवढ्यात तो ड्रमवाला मुलगा काठ्या खाली ठेवून हळूच म्हणाला, "मी सांगणारच होतो. मला हैदराबादची नोकरी लागली आहे. दिवाळी झाली की जातो. घरी वडिलांचं कर्ज आहे."

कोणी काही बोलले नाही. गिटारचा भोंगा तेवढा बारीक गुणगुणत राहिला. भाच्याने वाकून तो बंद केला.

काय सांगू, वाचकहो! ज्या बँडपासून भाच्याला सोडवायला मी साताऱ्याहून आलो होतो, तो माझ्या डोळ्यांदेखत आपोआप मोडत होता, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी घशाशी काहीतरी अडकले. मंडळ्या मोडतात त्या अशाच. भांडणे, तंटे यांची पुढे आठवण राहते; पण बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरचे कर्ज असते, कुणाची बदली असते, कुणाचे लग्न असते.

परत येताना आयर्विन पुलावर आम्ही दोघे थांबलो. खाली कृष्णा शांत होती. भाचा म्हणाला, "मामा, मी नोकरी नाकारत होतो ती या तिघांसाठी. आता कशासाठी नाकारू?"

मी म्हटले, "नोकरीवर जा. तुझ्या त्या माखीजानेही दुसरे उद्योग केलेच. पहिल्या आणि दुसऱ्या मुद्रिकेत त्याला पाच वर्षे लागली, हे तूच मला सांगितलंस. ती पाच वर्षे तो काही हातावर हात ठेवून बसला नसेल. पुण्याहून सांगली काही परदेश नव्हे. पण एक कर, वखार सोडू नकोस. एकदा जागा गेली की माणसं जमत नाहीत."

"चौघांचं भाडं दोघांत कसं द्यायचं, मामा?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

रात्री जेवताना बहिणीने विचारले, काय ठरले? भाच्याने सांगितले, पुण्याला जातो. तिने देवापुढे साखर ठेवली. मग त्याने ड्रमवाल्याचे आणि वखारीचे सांगितले. दाजी भात कालवीत होते. ते मान वर न करता म्हणाले, "भाडं किती आहे?"

भाच्याने आकडा सांगितला.

"त्या पोराचा वाटा मी देतो. दुसरा ढोलवाला मिळेपर्यंत. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

बहीण त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिली. जेवणे झाल्यावर ओसरीवर सुपारी कातरताना दाजींनी मला सांगितले. नोकरीला लागण्याआधी ते राज्य नाट्यस्पर्धेत काम करीत. एका वर्षी नाटक बसले होते, तालमी झाल्या होत्या, आणि नेमकी परगावी नेमणूक आली. दाजी गेले. त्यांच्या जागी दुसरा कुणी मिळाला नाही. नाटक झालेच नाही. "मंडळींनी पुन्हा कधी मला हाक मारली नाही," ते म्हणाले. "मीही गेलो नाही. तेव्हा आमची तालमीची खोली कुणी धरून ठेवली असती तर..."

वाक्य त्यांनी पुरे केले नाही. अडकित्ता तेवढा वाजत राहिला.

परवा बहिणीचा पुन्हा फोन आला. भाचा पुण्याला रुजू झाला आहे. पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी येतो आणि घरी पिशवी टाकून थेट वखारीत जातो. नवा ड्रमवाला अजून मिळायचा आहे. कवलापूरच्या बाजूचा हलगी वाजवणारा एक मुलगा दोनदा येऊन बसून गेला म्हणे. शेजारच्या आजोबांची तक्रार मात्र संपली.

"आणि दाजी?" मी विचारले.

"ते ना?" बहीण म्हणाली. "वखारीची एक किल्ली आता त्यांच्या जानव्याला आहे!"